हाड हाड

हेमीचं नाव निघालं की आमचे हे अजून गप्प होतात. होऊ देत! संसार माझ्याशी केलाय की.

हेमावती म्हणजे माझ्या आत्याची मुलगी, नातेपुत्याची. आत्या वारली तशी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सोलापूरला आमच्या नव्या पेठेतल्या घरी आणली. जात आमची एकच, लिंगायत वाणी. पण आमच्या घरात कन्नड आणि तिला मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. अप्पांनी लाडानं तिला वाचनालयाची वर्गणीदार केली. मग काय, बाईसाहेबांच्या उशाशी सदा दोन पुस्तकं. खालच्या घड्याळवाल्याच्या दुकानात ग्रामोफोन लागला की परातीतलं पीठ तसंच टाकून ही खिडकीत. "नीले, ऐक, भीमपलास आहे," म्हणायची मला. मला काय कळतंय, कुठला भीम आणि कसला पलास!

आणि आमचं कन्नड ऐकून हसायची. "मामी, डब्यात खडे घालून वाजवल्यासारखं वाटतं हो," असं आईच्या तोंडावर म्हणाली होती. माझी आई काही विसरणारी बाई नव्हती. त्या दिवसापासून तिनं हेमीशी कन्नडचा एक शब्द काढला नाही.

मग मैंदर्गीचं स्थळ आलं. मुलाचं नाव शिवयोगी, पुण्याला शिकलेला, घरी स्वतःचा ग्रामोफोन. हेमी माझ्याहून मोठी, म्हणून अप्पांनी तिलाच दाखवायचं ठरवलं. आईचा जळफळाट झाला. "सख्खी पोर घरात ठेवून परक्या पोरीला असलं घर?" ती मला म्हणाली. खरंच होतं की ते.

बाहेरच्या खोलीत मुलानं विचारलं, "सध्या वाचनालयातून काय आणलंय?"

"एक आगबोटीच्या प्रवासाचं, आणि एक खुनाची कादंबरी."

"मग? खुनी कोण निघाला?"

"सांगितलं तर तुमची मजा जाईल."

मेली! अर्धीच वाचून झाली होती, तिला तरी कुठं ठाऊक होतं? पण तो मोकळेपणानं हसला. गाणं कुठलं आवडतं म्हणाला, तर हिनं भीमपलास सांगितला. "माझ्याकडे तबकडी आहे," तो म्हणाला. आत येताना हेमीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "नीले, त्यांनी मला पुस्तकं विचारली गं! मला हेच घर पाहिजे." तिचे डोळे भरून आले होते. मी हात सोडवून घेतला.

आत मुलाची आजी बसली होती, अक्कम्मा. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. मराठी तिला भाजी घेण्यापुरतं यायचं. ती कन्नडात विचारायची, आई मराठीत सांगायची, हेमी उत्तर द्यायची. सगळं छान चाललं होतं. म्हातारी खूश दिसत होती. मग तिनं हात उडवला आणि म्हणाली, "वंद हाड हाड!"

आमच्या कन्नडात हाड म्हणजे गाणं, आणि गा म्हणायचं तरी हाडच. एक गाणं म्हण, एवढंच म्हातारी म्हणाली.

हेमी पांढरीफटक पडली. तिनं आईकडं पाहिलं. "मामी, काय म्हणाल्या त्या?"

आईनं पानाला चुना लावता लावता सांगितलं, "ऐकलंस की."

मला आलं होतं हसू. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की ते घशातच राहिलं.

हेमी ताडकन उठली. "मी काय कुत्री आहे का? तुम्हीच हाड!" म्हणाली आणि माडीवर गेली.

म्हातारीला त्यातलं शेवटचंच कळलं. नवरा मेलेल्या बाईला ही कालची पोर म्हणते, तुम्हीच गा! ती निघायलाच उठली. आईनं तिचे पाय धरले. "धाकटी आमची लई गरीब हाय हो," कन्नडात म्हणाली आणि मला पुढं ढकललं. मी पाळणा म्हटला. सूर कुठला, नुसता आवाज होता, पण मान खाली घालून म्हटला. बाहेर आमच्या ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं. "थोरली उलट बोलली, धाकटी पसंत," अक्कम्मानं एवढंच सांगितलं. आजीपुढं तोंड उघडायची त्यांची छाती तेव्हाही नव्हती आणि पुढंही झाली नाही.

आईनं अप्पांना सांगितलं, पोरीला काही विचारू नका, आधीच लाज झालीय. हेमीलाही तेच सांगितलं, मामांपुढं विषय काढू नको. दोघांनीही ऐकलं. पुस्तकं वाचनालयात परत गेली. कादंबरी अर्धीच राहिली. हेमीच्या वडिलांनी नातेपुत्यातच एक बिजवर गाठला आणि माझ्या आधी तिला उजवून टाकली.

माझ्या लग्नाला ती मैंदर्गीला आली. वाळली होती. हळदीचं ताट घेऊन बायकांमधून फिरत होती. गाणारणी कोपऱ्यात बसल्या होत्या. अक्कम्मानं त्यांतल्या एका म्हातारीकडं बघून तसाच हात उडवला. "वंद हाड हाड!"

त्या गाणारणीनं खाकरून घसा साफ केला आणि गायला लागली.

हेमी जागच्या जागी उभी राहिली. आधी गाणारणीकडं बघितलं, मग अक्कम्माकडं. ताट खाली ठेवलं आणि सरळ आमच्यापुढं आली.

"मामी, काय म्हणाल्या त्या?"

आई माझ्या मुंडावळ्या सारख्या करत होती. तिनं मान वरही केली नाही.

"ऐकलंस की."