तीन मजली केक आणि चार शॉकअप

घरात गाडी एकच असताना तिच्या स्प्रिंगा बायकोला न विचारता बदलू नयेत, एवढी अक्कल आमच्या इंडियानात बहुतेक नवऱ्यांना असते. व्हर्लिन स्टकीलाही ती होती. फक्त त्याने ती वापरली नाही.

व्हर्लिन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो. त्याची गाडी म्हणजे सत्तर सालची शेवेल, दोन दारांची, आठ सिलिंडरची, आवाज असा की तो कामावरून निघाला की लोरीन घरी बटाटे उकळत टाकते. ही गाडी रोज कामाला जाते, रविवारी चर्चला जाते, आणि उन्हाळ्यात महिन्याकाठी एखाद्या शनिवारी जिल्ह्याच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे त्या सरळसोट पाव मैलावर, शर्यतीला जाते. शिवाय तिच्यातून लोरीनचे केक जातात. लोरीन लग्नांचे केक करते. आसपासच्या तीन जिल्ह्यांत तिच्या केकशिवाय झालेलं लग्न लोक जरा संशयानेच पाहतात. मागच्या सीटची गादी काढून तिथे व्हर्लिनने प्लायवूडची फळी बसवली आहे, आणि त्या फळीवर आजवर शेकडो केक बसून गेले. जुन्या स्प्रिंगा इतक्या दमलेल्या होत्या की गाडीत बसलेला माणूस सोफ्यावर बसून होडीतून चालल्यासारखा दिसे. केकना ते मानवत असे.

व्हर्लिनला मानवत नसे. सहा वर्षांत तो एकही राउंड जिंकला नव्हता, आणि त्याचं खापर त्याने स्प्रिंगांवर फोडलं होतं.

खरं कारण सगळ्या स्ट्रिपला माहीत होतं. आमच्याकडच्या शर्यतीत प्रत्येक राउंडला दोन-दोन गाड्या पळतात, जिंकेल तो पुढच्या राउंडला, आणि प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल तोडेल ते आधीच काचेवर लिहायचं असतं, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने. ज्याचा आकडा मोठा, म्हणजे गाडी हळू, त्याला फरकाएवढं आधी सोडतात. जो आधी पोचेल तो जिंकला. मात्र स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. थोडक्यात, इथे वेगापेक्षा खरेपणाला जास्त किंमत आहे. व्हर्लिनची गाडी पाव मैलाला साडेतेरा सेकंद घेई आणि तो काचेवर बारा नव्वद लिही. खरा आकडा लिही, असं सगळ्यांनी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणे, काचेवरचा आकडा गाडी वाचते, तिच्या मनाला काय वाटेल.

तर यंदा वसंतात त्याने डेलमार ओटच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवली आणि नव्या स्प्रिंगा, मागचे नवे जाड दांडे आणि चार नवे शॉकअप बसवून घेतले. प्रत्येक शॉकअपच्या तळाशी एक फिरकी होती, रेडिओचा आवाज लहानमोठा करतात तशी. डावीकडे फिरवली की मऊ, उजवीकडे फिरवली की कडक. म्हणजे आठवडाभर मऊ आणि शनिवारी कडक, असा व्हर्लिनचा हिशेब होता. डेलमारने त्याला सांगितलं की सरळ रेषेतल्या शर्यतीत पुढचा भाग सैल हवा, नाक वर उचललं गेलं की सगळा भार मागच्या चाकांवर बसतो आणि चाकं रस्ता धरतात. व्हर्लिनचं मत होतं की शर्यतीची गाडी कडकच असते, ते टीव्हीवर दिसतं. डेलमार कुठलीही गोष्ट एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की तो कॉफी आणायला जातो. तो कॉफी आणायला गेला.

त्यानंतरचा पहिला केक लिंबाचा होता, दोन मजली, कुणाच्या तरी निवृत्तीचा. फिरक्या शर्यतीवरच राहिल्या होत्या. केक पोचला तेव्हा तोही निवृत्तीकडे झुकलेला होता. लोरीनने त्याची पडकी बाजू भिंतीकडे करून ठेवली आणि घरी आली.

मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. मी शेजारी राहतो, आणि केक सपाट करताना वरचे जे काप निघतात ते वाया जाऊ नयेत याची जबाबदारी माझ्याकडे आहे. लोरीन ओरडली नाही. तिने हात पुसले आणि खुर्ची ओढून व्हर्लिनच्या समोर बसली.

"शनिवारी केंड्राचा तीन मजली केक आहे," ती म्हणाली. "तो सरळ पोचला आणि तू एक राउंड जिंकलास, तर राहू दे तुझं ते सामान. दोन्हींतलं एक जरी हुकलं तर सोमवारी जुन्या स्प्रिंगा परत, आणि शर्यत बंद."

"एक अख्खा राउंड?"

"सहा वर्षांत एक मागतेय मी, व्हर्लिन. मला नाही वाटत मी फार हावरी आहे."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात केक होता.

केंड्रा म्हणजे आमच्या स्ट्रिपवरची सगळ्यात थंड डोक्याची मुलगी. तिची गाडी साडेअकराची, आणि ती लिहिते साडेअकरा. तिचं लग्न ठरलं रस्टीशी, जो स्ट्रिपवर चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्याला चिकटा मारायचं काम करतो. दोघांची ओळख सुरुवातीच्या रेषेवर झाली, म्हणून लग्नही रेषेवरच करायचं ठरलं, शनिवारी दुपारी, सराव संपल्यावर आणि राउंड सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे केकचा मुक्काम आणि शर्यतीचा मुक्काम एकच झाला, आणि व्हर्लिनच्या दोन्ही अटी एकाच गाडीत बसून निघाल्या.

निघताना व्हर्लिनने गाडीखाली झोपून चारही फिरक्या पार डावीकडे नेल्या. लोरीन पुढे बसली, पण तोंड मागे करून. मी मागे, केकच्या बाजूला, दोन्ही हात त्याच्याभोवती. हात लावायचा नाही, फक्त धाक दाखवायचा. रेल्वेच्या रुळांपाशी व्हर्लिनने गाडी इतकी हळू केली की मागून आलेल्या एका ट्रॅक्टरने आम्हाला ओलांडलं. ट्रॅक्टरवाल्याने जाताना हात केला. तीनशे घोड्यांची ताकद पायाखाली दाबून धरून व्हर्लिननेही हात केला. मी त्याला चर्चमध्येसुद्धा इतका नम्र पाहिलेला नाही.

केक सरळ पोचला. तंबूतल्या टेबलावर तो ठेवला तेव्हा लोरीनने चारही बाजूंनी फिरून पाहिलं, एका गुलाबाची पाकळी बोटाने वर केली, आणि म्हणाली, "निम्मं झालं."

लग्न छान झालं. थोडं लांबलं, कारण आमच्या पाद्रीबाबांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा असा माइक आला होता जो पाव मैल ऐकू जातो. ते लग्नसंस्थेवरून नोहाच्या तारवावर गेले. तारू पाण्याला लागायच्या बेतात असताना वरच्या मनोऱ्यातल्या घोषणावाल्याने मध्येच तोंड घातलं, नवराबायकोचं अभिनंदन केलं आणि पहिल्या जोडीला रेषेवर बोलावलं. जोड्या सकाळीच टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरल्या होत्या. पहिली जोडी होती व्हर्लिन स्टकी आणि नवरी.

धावपळ झाली. केंड्राने पांढऱ्या झग्यावरूनच आग न लागणारं जाकीट चढवलं आणि डोक्यावरची नवरीची जाळी हेल्मेटात कोंबली. व्हर्लिन पळत गाडीकडे गेला, काचेवर बारा नव्वद लिहिलं, आणि बसला. फिरक्या तशाच राहिल्या. केकवर.

पाहुण्यांना निकाल ठाऊकच होता. केंड्रालाही होता. व्हर्लिन आधी सुटणार, नेहमीसारखी चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढणार, आणि आपण पुढे निघून जायचं. जास्त जोर लावून स्वतःच्या आकड्यातून बाद व्हायचं नाही, एवढीच काळजी.

हिरवा दिवा लागला. शेवेलने नाक वर केलं, अगदी सावकाश, जेवून उठणाऱ्या माणसासारखं, आणि मागे बसकण मारली. धूर नाही. किंचाळणं नाही. नुसती गेली. सहा वर्षांत ती गाडी जाताना आम्ही पाहिली नव्हती. फक्त ऐकली होती. केंड्रा मागून सुटली, मजेत निघाली, आणि निम्म्या वाटेवर तिच्या लक्षात आलं असावं की पुढचा ठिपका मोठा होत नाहीये. तिने मग जोर लावला, पण पाव मैल संपून गेला होता.

फलकावर व्हर्लिनच्या बाजूचा दिवा लागला. बारा त्र्याण्णव.

नवरीला तिच्याच लग्नात हरवणाऱ्या माणसाला टाळ्या मिळत नाहीत. दीडशे पाहुण्यांनी एका सुरात हुर्यो केली. रस्टीने पाद्रीबाबांचा माइक घेतला आणि व्हर्लिनला आपला आहेर परत घेऊन जायला सांगितलं. केंड्रा परत आली, हेल्मेट काढलं, डोळ्यांवरची जाळी बाजूला केली.

"सहा वर्षं खोटं लिहिलंस," ती म्हणाली, "आणि खरं करायला तुला माझंच लग्न सापडलं?"

व्हर्लिन गाडीतून उतरला तो तरंगतच. पुढचा अर्धा तास तो ज्याला त्याला गाठून सांगत होता की कडक सस्पेन्शन म्हणजे काय असतं, गाडी कशी फळीसारखी ताठ राहिली पाहिजे, टीव्हीवर कसं दिसतं. डेलमारने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो गाडीपाशी गेला, गुडघे टेकून खाली डोकावला, उठला, आणि केकचा तुकडा आणायला गेला. केक वाढत होती लोरीन. तो तिच्याशी दोन शब्द बोलला. लोरीनने सुरी खाली ठेवली.

ती गर्दीतून व्हर्लिनपर्यंत आली आणि तिने त्याला गोडीत विचारलं, "राजा, तू त्या फिरक्या कधी फिरवल्यास?"

व्हर्लिनचं बोलणं 'फळीसारखी'वर होतं ते तिथेच थांबलं. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडात केक होता.

आता, स्ट्रिपवर एक नियम सगळे पाळतात: नीट धावलेल्या गाडीला दोन राउंडांच्या मध्ये हात लावायचा नाही. काच पुसायची असली तरी माणसं विचार करतात. पण व्हर्लिनचं डोकं वेगळं चाललं. गाडी केकच्या सेटिंगवर अशी धावली, तर शर्यतीच्या सेटिंगवर काय करील? मी म्हटलं, नको. डेलमार काहीच म्हणाला नाही, कारण त्याने एकदा सांगितलं होतं. व्हर्लिन गाडीखाली शिरला आणि चारही फिरक्या पार उजवीकडे नेऊन वर पक्कड लावून आणखी थोड्या पिळल्या.

दुसऱ्या राउंडला गाडी जागच्या जागी इतकी किंचाळली की तंबूतलं एक बाळ रडायला लागलं. धूर खाली बसला तेव्हा समोरचा दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर, जो त्याच्या बायकोच्या पोरंबाळं न्यायच्या मोठ्या गाडीतून शर्यतीला येतो, पलीकडच्या टोकाला पोचून परत वळत होता.

पण एक राउंड झाला होता. अट ती अट. लोरीनने ते सर्वांसमोर मान्य केलं आणि व्हर्लिनच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा हुर्यो करणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

उन्हं उतरायच्या आत आम्ही निघालो. केकचा वरचा मजला कुणी खात नाही, तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी गोठवून ठेवतात, आणि लोरीनच्या फ्रीझरमध्ये अर्ध्या जिल्ह्याचे वरचे मजले नावं लिहून ठेवलेले असतात. केंड्राचा मजला खोक्यात घालून माझ्या मांडीवर आला. फिरक्यांची आठवण कुणालाच राहिली नाही: व्हर्लिन हरल्याच्या दुःखात होता, लोरीन जिंकल्याच्या आनंदात, आणि माझं पोट भरलं होतं.

स्ट्रिपच्या फाटकाबाहेरचा खडीचा रस्ता धुणं घासायच्या फळीसारखा आहे. पहिल्या दोन उंचवट्यांना माझे दात वाजले. तिसऱ्याला खोकं, झाकण आणि केक यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. झाकण खिडकीतून गेलं. केक आधी छताला लागला आणि मग मला.

व्हर्लिनने गाडी थांबवली. छतावरून एक साखरेचा गुलाब सुटून माझ्या खांद्यावर पडला.

"अट पोचवायची होती," व्हर्लिन समोर बघत म्हणाला. "परत आणायचं काही ठरलं नव्हतं."

लोरीन वळली. तिने छत पाहिलं, मला पाहिलं. मग माझ्या कॉलरवरचं थोडं बोटाने निपटून तोंडात घातलं आणि विचार केला.

"लोणी जरा जास्तच झालं होतं," ती म्हणाली. "दुसरा करताना कमी घालीन."

ती खाली उतरली, चर्चच्या चांगल्या झग्यानिशी खडीवर आडवी झाली, आणि गाडीखालून तिचा आवाज आला, "किती पिळून ठेवल्यास रे या. भिंत बांधायची होती का तुला?" चारही फिरक्या डावीकडे करून ती उठली, झगा झटकला, आणि व्हर्लिनला बोटाने मागे जायला सांगितलं. घरापर्यंत गाडी तिने चालवली. मागे फळीवर व्हर्लिन आणि मी बसलो आणि केंड्राचा पहिला वाढदिवस हातांनी खाल्ला. सोमवारी लोरीनने नवा मजला केला. तो आता फ्रीझरमध्ये आहे, केंड्राच्या नावाने. तिला हे कुणी सांगायचं नाही असं आमचं ठरलं आहे, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

पुढच्या आठवड्यात गाडी तेल बदलायला डेलमारकडे वर चढली आणि त्याने आम्हाला गाडीखाली बोलावून घेतलं. जिंजरब्रेडच्या, म्हणजे आल्याच्या बिस्किटांच्या, घराच्या भिंती ज्याने चिकटवतात ते साखरेचं आयसिंग वाळलं की सिमेंटसारखं होतं. पार डावीकडे असलेल्या चारही फिरक्यांवर ते जाडजूड भरलेलं होतं, आणि प्रत्येकावर मध्यभागी एक लहानसं पांढरं फूल काढलेलं होतं, पाच पाकळ्यांचं, अगदी निगुतीने.

"काढू?" डेलमारने विचारलं. "हातोडीच्या एका ठोक्यात निघेल."

व्हर्लिनने मान वर करून चारही फुलं एकेक करून पाहिली.

"राहू दे," तो म्हणाला. "पावसात विरघळलं तर सांग. ती परत लावून देते म्हणालीय."