खड्ड्यातली भाषा

मित्रांनो, या खोलीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना आडवी टांगलेली, माणसाच्या उंचीहून लांब आणि गंज चढलेली जी वस्तू दिसते, ती मी. मी एक जुनी करवत आहे. सुताराच्या पेटीतली नव्हे. ती एका हाताने चालते. मला दोन मुठी आहेत, एक वर आणि एक खाली. दोन माणसं असल्याशिवाय माझ्या हातून काहीच होत नाही.

एका लोहाराने पोलादाची पट्टी तापवून, ठोकून मला घडवलं आणि कानशीने घासून माझे दात काढले. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या दोघा भावांनी मला विकत घेतलं.

आमचं काम असं चाले. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा असे आणि त्यावर ओंडका आडवा ठेवलेला. थोरला भाऊ ओंडक्यावर उभा राही, धाकटा खड्ड्यात उतरे. थोरला मला वर उचली, धाकटा खाली ओढी. लाकूड कापलं जाई ते मी खाली येताना. सगळा भुसा धाकट्याच्या डोक्यावर पडे, म्हणून तो डोळे मिटूनच काम करी. खुणेची रेघ फक्त वरच्याला दिसे. रेघ किती सरकली, गाठ कुठे आली, पाचर कधी ठोकायची, हे सगळं खालच्याला वरच्याच्या आवाजावरून कळायचं. शब्द वेळेवर आला नाही तर फळी वाकडी जाई, नाहीतर बोटं जात.

ते शब्द दोघांच्या आपल्या भाषेतले होते. दोघे लांबून आले होते आणि त्या शहरात त्यांची भाषा बोलणारी मोजकीच घरं होती. भाषा आखूड शब्दांची होती. माझ्या एका ओढीत एक शब्द नीट बसे. मधल्या वेळात चेष्टा चाले.

"खाली जिवंत आहेस ना रे?" थोरला विचारी.

"अर्धा तर तू पुरलास, दादा. उरलेला संध्याकाळपर्यंत पुरशील."

"मग उरलेल्याने जरा जोर लाव!"

थोरल्यासारखा गप्पिष्ट माणूस मी पाहिला नाही. पण गिऱ्हाईक आलं की तो बदलून जाई. शहराची भाषा तो उशिरा शिकला होता. तिच्यात त्याला भाव सांगता येई, माफी मागता येई. चेष्टा करता येत नसे. गिऱ्हाइकं त्याला 'मुके मिस्त्री' म्हणत आणि त्याच्याशी मोठ्याने, सावकाश बोलत, जणू त्याला ऐकूही कमी येतं.

त्याला एकच मुलगी. ती शाळेत जाऊ लागली, वर्गात मागे पडली, तेव्हा बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं. "घरात एकच भाषा ठेवा," त्या म्हणाल्या. "दोन भाषांनी पोरीचा गोंधळ उडतो." बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं. लहान मुलाच्या डोक्यात दोन भाषा सुखाने राहतात, हे तेव्हा त्या दोघांना सांगायला कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून मुलीसमोर आपली भाषा बोलायची नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. आईने शहराची भाषा भराभर उचलली. बापाला ते जमलं नाही. घरी तो 'हो', 'नाही', 'जेव', 'झोप' एवढ्यावर आला. मुलगी वखारीत डबा घेऊन येई, तेव्हा खड्ड्यातलं हसणं तिला लांबून ऐकू येई. ती जवळ आली की ते थांबे.

"बाबा, काय बोलत होतात?"

"काही नाही. काम."

ती काकाकडे बघे. काका भुशाने पांढऱ्या झालेल्या पापण्या उघडून हसे आणि डब्याचं झाकण काढे.

मुलगी शिकली, चांगल्या नोकरीला लागली. बापाचा ऊर भरून आला, पण ते तिला सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. तिला वाटे, बाबांना बोलायची आवडच नाही.

मग वखारीत विजेवर चालणारी करवत आली. तिच्या आवाजात कुणी कुणाशी बोलूच शकत नाही, आणि तशी गरजही पडत नाही. खड्डा बुजवला. थोरल्याने मला घरी आणून आपल्या खाटेसमोर टांगलं. पुढे धाकटा वारला. मग मुलीची आई गेली. ती मोजकी घरंही एकेक करून पांगली. काही वर्षं थोरला मला तेल लावताना दोन शब्द बोले. पुढे तेही थांबलं.

एके दिवशी त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. उजवी बाजू लुळी पडली आणि शहराची भाषा पार पुसली गेली. बोलता येईना, ऐकलेलंही कळेना. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी नंतर शिकलेली भाषा जाते आणि पहिली राहते. सगळ्यांचं तसं होत नाही."

आणि थोरला बोलू लागला. दिवसभर बोले, सांगे, स्वतःच हसे. मुलगी खाटेच्या कडेला थक्क होऊन बसे. आपल्या बापाला ती पहिल्यांदाच बोलताना ऐकत होती, आणि त्यातलं अक्षरही तिला कळत नव्हतं.

ती भाषा येणाऱ्या माणसाचा तिने खूप शोध घेतला, कोणी सापडलं नाही. शेवटी काकाच्या मुलाला बोलावलं.

"ताई, आमच्याही घरी ती भाषा कुणी बोलायचं नाही. मला फक्त शिव्या येतात गं त्यातल्या," तो ओशाळून म्हणाला. "बाबा ओढता ओढता द्यायचे त्या."

"दे मग शिव्या. तेवढं तरी दे!"

त्याने दोन दिल्या. थोरला खदखदून हसला. त्याचे डोळे चमकले आणि तो पुतण्याला धाकट्याची एक लांबलचक गोष्ट सांगू लागला. पुतण्या मान हलवत राहिला. थोड्या वेळाने थोरल्याच्या लक्षात आलं. तो मधेच थांबला.

एका संध्याकाळी वारा सुटला. खिडकी त्याच्या डोक्यामागे होती आणि उघडी होती. मुलगी कामाच्या धांदलीत घामेजलेली.

"खिडकी लाव गं," तो म्हणाला, "कानात वारा जातोय."

तिने पाणी आणलं. त्याने मान हलवली, पुन्हा तेच म्हटलं. तिने उशी उंच केली. दिवा लावला. आईचा फोटो आणून दाखवला. पाय चेपले. "बाबा, काय हवंय? खुणेने तरी सांगा हो!" तिला रडू फुटलं. त्याला ती रडते आहे एवढंच कळलं.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "बस माझ्याजवळ."

ती धावत औषध आणायला गेली.

तो गेला त्याला बराच काळ झाला. ती अजून कधीकधी त्याचे त्या संध्याकाळचे शब्द पुटपुटून बघते. सूर बरोबर लागतो. शब्द दर वेळी थोडे झिजलेले असतात. आता ते शब्द राहिलेले नाहीत, नुसता आवाज आहे.

मित्रांनो, माझा गंज काढा, असं मी म्हणणार नाही. गंज निघाला तरी मी चालणार नाही. पण तुमच्या घरात कुणाची अशी भाषा असेल जी तुम्हाला येत नाही, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. 'खिडकी लाव' याला तुम्ही काय म्हणता, एवढं विचारून घ्या. आमच्या घरी आता विचारायला कोणी नाही. मला ते येतं, पण करवतीला विचारावं हे कुणाच्या मनात येणार?