मुरुडशेंगेच्या बिया

गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. यंदा पुन्हा पाचवा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी मला कॉटवरून हलायला बंदी केली. दुपारी डोळा लागला की घरामागचा डोंगर दिसायचा, लाल फुलांनी भरलेला. खरा डोंगर गोदामापायी अर्धा खाऊन झालाय. त्याच्यासोबत मुरुडशेंगेची झुडपंही गेली. सासूबाई गावातल्या प्रत्येक बाळाच्या गुटीत ती पीळदार शेंग उगाळायच्या. आता त्यांच्या डब्यात शेवटच्या मूठभर शेंगा उरल्या होत्या.

"आत्या, बिया लावू या," मी सासूबाईंना म्हणाले. मनात ठरवून टाकलं, उगवल्या तर माझं बाळ राहील. वेडेपणाच, पण पडून पडून माणसाला दुसरं काय सुचणार?

बियांचं कवच टणक, आत पाणी शिरत नाही. ते खरवडलं तर रुजतात, असं आमच्या ह्यांनी मोबाईलवर पाहिलं. हे, म्हणजे आदिनाथ, चाकणला कंपनीत गाड्यांच्या पार्टांच्या फिनिशिंगला आहेत. मग काय विचारता! पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांत धरून बिया अशा घासल्या, की जॉब रिजेक्ट व्हायची सोय नाही. ट्रेमध्ये सगळ्या कुजल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

आत्यांनी मागे ठेवलेली एक शेंग फोडली. "आदिनाथ, गाडीचा पार्ट हाय का त्यो? पानी आत जाईल येवढाच चरा पाड."

ह्यांनी श्वास रोखून एकदाच हलका पेपर फिरवला. रात्रभर बिया कोमट पाण्यात राहिल्या, मग मातीत गेल्या. पुढचे दिवस मी झोपेतच काढले. झोपेत वाटायचं, ते पाणी माझ्याही आत हळूहळू झिरपतंय.

एका दुपारी आत्यांनी ट्रे उचलून कॉटवर आणला. एक कोंब वर आला होता, मान वाकवून, डोक्यावर कवच तसंच. ते काढायला मी बोट पुढं केलं. त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. त्याचं त्ये टाकंल."

मला आनंद व्हायला हवा होता. पण रडूच फुटलं. "आत्या, उगवलं तरी भीती जात नाही हो."

इतके महिने "काय व्हत न्हाई" म्हणून मला दटावणारी ही बाई कॉटच्या कडेला बसली. माझा हात सोडला नाही.

"मला पन लई वाटती गं," त्या म्हणाल्या. "रोजच वाटती."

मी सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.