वाढीचं कापड

लेकीने पहार उचलली तसे ढगळमास्तर लगबगीने पुढे झाले आणि रोपाच्या बुंध्याशी चप्पल रोवून उभे राहिले.

"पाय काढा, बाबा."

"नाही काढत."

"लागेल."

"लागू दे. निदान चार लोकांना सांगायला होईल, पोटच्या पोरीने पाय मोडला म्हणून."

लेकीने पहार भिंतीला टेकवली आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. मागचं अंगण सगळं फरशीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर चार फरश्या काढून एवढा एकच चौकोन मातीचा ठेवलेला, आणि त्या चौकोनात एक काठी उभी होती. काठीच म्हणायची. छातीएवढी उंच, अंगठ्याएवढी जाड, वाऱ्याने एका अंगाला कललेली, आणि अंगावर औषधालाही पान नाही. दीड वर्षापूर्वी मास्तरांनी लावलेलं शिरीषाचं रोप ते. खिडकीखाली लेकीने आज आणलेली कुंडी होती. तिच्यातल्या मधुमालतीला दोन घोस आधीच आले होते, काही फुलं पांढरी, काही लाल होत चाललेली.

"मेलंय ते झाड," लेक म्हणाली. "मेल्याची राखण कसली करताय?"

"पानगळ आहे. झोपलंय."

"आईने वेल मागितली होती."

मास्तरांनी पाय तिथेच ठेवला.

गल्लीत त्यांना ढगळमास्तर म्हणत ते काही उगीच नाही. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. मुलाचं माप घ्यायचं, त्यात मनानेच दोन इंच वाढवायचे आणि वर दुमडीत आणखी दोन इंच कापड सोडायचं. पोरं आरशासमोर रडकुंडीला येत. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "उद्या वाढशील तेव्हा माझं नाव काढशील." शेजारचा ड्रायव्हर एकदा भर गल्लीत म्हणाला होता, "या माणसाकडे कफन शिवायला टाका, त्यातही दोन इंच वाढीला ठेवेल." त्यावर सगळ्यात जास्त हसली होती ती मास्तरांची बायको. हसता हसता काजं करायची सुई तिच्या बोटात घुसली होती.

पुढे डॉक्टरांनी त्याच बायकोला एक वर्ष सांगितलं. फार तर सव्वा.

दवाखान्यातून घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "खिडकीसमोर वेल लावू या का? वर्षाच्या आत फुलते म्हणे."

मास्तरांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला, वर्ष. ते दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत गेले. माळ्याने वेल दाखवली, झाड दाखवलं. वेलीला काय, म्हणाला, मांडव लागतो, पण फुलं लगेच. झाड सावली धरायला आठ-दहा वर्षं घेतं, तुमच्या वयाला वेल बरी. मास्तरांनी झाड उचललं.

बायकोने ते रोप बराच वेळ न्याहाळलं होतं.

"सावली कधी पडायची याची?"

"दहा वर्षांनी."

"दहा." तिने मान हलवली. "बरं. मग खुर्च्या कुठे ठेवायच्या ते आत्ताच ठरवून टाका. नंतर त्यावरून भांडण नको."

मग मास्तरांनी बांबूला छत्री बांधली, चौकोनात उभी धरली आणि चार वाजता सावली कुठे पडते ते पाहिलं. बायको खुर्ची घेऊन त्या सावलीमागे सरकत राहिली. हातभर इकडे, हातभर तिकडे. भिंतीवरून ड्रायव्हरने डोकं काढून विचारलं, "मास्तर, ऊन लागलंय का?" तर तीच म्हणाली, "नाही भाऊजी, आम्ही झाडाखाली बसलोय."

यातलं लेकीला काही ठाऊक नव्हतं. ती दूर राहायची, महिन्यातून एकदा यायची. तिने पाहिली ती एवढीच गोष्ट, की शेवटचे दोन महिने आई खिडकीकडे तोंड करून पडून असायची आणि खिडकीबाहेर एक काठी असायची.

"बारा महिने फुलं बघितली असती तिने," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता आणि तेच मास्तरांना जड गेलं. "एवढंसं मागणं होतं. तुम्हाला मेला तुमचा हट्ट मोठा. डॉक्टर चूक, मी चूक, आरसा चूक. तिचे हात काड्यांसारखे झाले होते आणि तुम्ही तिला जुन्या मापाचे गाऊन शिवून देत होतात."

"जुन्याच मापाचा बसत होता तिला."

"बाबा."

"बसत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुला फोन केला होता मी."

केला होता, हे खरं. निळा गाऊन पहिल्यांदा घातला तेव्हा तो खांद्यावरून घसरत होता. मास्तर म्हणाले होते, राहू दे, भरशील. आणि महिन्याभरात तो खरंच अंगावर नीट बसायला लागला. चेहरा काय, चेहरा फसवतो. मास्तरांचा विश्वास चाळीस वर्षं कापडावर होता. त्यांनी बगलेपाशी चिमूट धरून पाहिली आणि लेकीला फोन लावला, "भरतेय तुझी आई." पलीकडच्या खाटेवरून बायको म्हणाली होती, "सांगा तिला, भरतेय म्हणावं मी."

मास्तर खाली वाकले. गुडघा कुरकुरला. त्यांनी अंगठ्याच्या नखाने रोपाची साल जराशी खरवडली. आत ओलं हिरवं होतं.

"हे बघ."

लेकीने पाहिलं. तिने पुन्हा पहारीकडे पाहिलं, मग वेलीकडे, आणि खांदे पाडले.

"असू दे. पण वाकडं चाललंय ते. बांधायला हवं."

"बांधू."

"चिंधी आहे का मऊ? सुतळीने साल कापेल."

"शिंप्याच्या घरात चिंधी विचारतेस?"

ती आत गेली. मास्तरांनी कोपऱ्यातला बांबू आणला, रोपापासून वीतभर अंतरावर जमिनीत ठोकला. लेक बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळा गाऊन होता. तिने तो त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. नाहीतरी आता तो कोणाच्याच मापाचा नाही."

मास्तरांनी तो घेतला. फाडायचं तर शिवण कुठे आहे ते आधी पाहायचं, ही हाताची सवय. त्यांनी गाऊन उलटा केला आणि कुशीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

त्यांच्या शिवणीच्या आत दोन बोटांवर हाताच्या टाक्यांची एक ओळ होती, बगलेपासून खालपर्यंत. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत तिसरी. पहिली ओळ सरळ, काजं करणाऱ्या हाताची. दुसरी थोडी हललेली. तिसरीतले टाके कुठे लांब, कुठे आखूड, आणि दोन ठिकाणी दोरा सुटून पुन्हा घातलेला. दुसऱ्या कुशीलाही तसंच. कापड कुठेच कापलेलं नव्हतं. सगळं आत घडी करून ठेवलेलं होतं.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी गाऊन तिच्याकडे केला. तिने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मोजायला तिला वेळ लागला नाही.

"आईने?"

"हं."

"तुम्ही दुकानात असताना करत असेल."

मास्तर पायरीवर बसले.

"पण निळ्यावर पांढरा दोरा?" लेक म्हणाली. "आई असलं काम करायची नाही कधी. रंग जुळला नाही तर बाजारात परत जायची ती."

"उसवायचा असला की वेगळ्या रंगाचा घालतात," मास्तर म्हणाले. "म्हणजे मग शोधत बसावं लागत नाही."

लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. भिंतीपलीकडे ड्रायव्हरच्या घरात कोणीतरी नळ सोडला, बादली भरेपर्यंत पाण्याचा आवाज येत राहिला, मग थांबला.

मास्तरांनी खिशातून ब्लेडचा तुकडा काढला. आधी तिसरी ओळ उसवली, मग दुसरी, मग पहिली. घाई केली नाही. पांढरा दोरा त्यांनी बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला. गाऊन झटकला तसा तो पुन्हा पहिल्या मापाचा झाला, त्यांनी शिवला होता तसा, ऐसपैस. मग खालच्या काठाशी ब्लेडने चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. कापड सरळ रेषेत फाटत गेलं.

"बाबा, राहू द्या तो. दुसरं काही—"

"कपाटात कुजायला शिवला नव्हता." त्यांनी लांब पट्टी तिच्या हातात दिली. "बांध."

लेक खाली बसली. पट्टी तिने खोडाभोवती घेतली, बांबूभोवती घेतली आणि आवळून गाठ मारली.

"सोड ती. आवळू नकोस. मधे पीळ दे, आठाच्या आकड्यासारखा. आणि खोडाशी दोन बोटं जातील एवढी जागा ठेव."

"सैल राहील."

"राहू दे. जाड होणार आहे ते."

तिने गाठ सोडली. पुन्हा बांधली. दोन बोटं आत घालून पाहिली आणि वर न पाहता विचारलं, "बरोबर?"

"बरोबर."

मग ती उठली, माती झटकली. कुंडीकडे पाहिलं. "हिचं काय करू?"

"घेऊन जा. तुझ्याही घराला खिडकी आहे."

तिला हसू आलं, की काय आलं, ते तिने तोंड फिरवल्यामुळे कळलं नाही. मास्तर आत गेले आणि एक खुर्ची घेऊन आले. चौकोनाच्या पूर्वेला सहा पावलं मोजून त्यांनी ती ठेवली आणि तीत बसले. चार वाजत आले होते. ऊन नुसतं ओतत होतं, फरशी तापलेली, आणि काठीची सावली करगोट्याएवढी बारीक, त्यांच्या पायाशी पडलेली.

लेक काही क्षण उभी राहिली. मग आत जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आली आणि त्यांच्या डाव्या हाताला मांडली.

"तिथे नको," मास्तर म्हणाले. "तिथे चारनंतर ऊन येतं."

तिने आभाळाकडे पाहिलं नाही, खाली फरशीकडेही नाही. खुर्ची उचलली आणि हातभर अलीकडे ठेवली.