बिऱ्हाडाचा विमा

आमच्या गाडीला बाबा 'बिऱ्हाड' म्हणायचे. मूळची ती एका बेकरीची, पाव पोचवणारी व्हॅन. बाबांनी ती विकत घेतली, मागे दोन बाकं ठोकली, कोपऱ्यात एका बर्नरची शेगडी बसवली, वर कपाटं केली आणि खिडक्यांना जुन्या चादरीचे पडदे लावले. सुताराला बोलवा म्हटलं की त्यांना राग यायचा. त्यामुळे प्रत्येक वळणावर कपाटांची दारं सताड उघडायची आणि आमच्या डोक्यात कप पडायचे. ऊन तापलं की मात्र आत पावाचा खमंग वास सुटायचा आणि आम्ही पोरं नुकतंच जेवलेलो असूनही भूक भूक करायचो.

दर सुट्टीत आम्ही निघायचो. कुठे, ते बाबांनाही ठाऊक नसायचं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," म्हणायचे आणि वाट फुटेल तिकडे न्यायचे. गाडी मागे घेताना आई खाली उतरून हात हलवायची, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... अहो, बास!" ते बास हमखास उशिरा यायचं. मागचा दिवा फुटायचा, मग दोघं त्या फुटक्या दिव्याशेजारी उभं राहून कचाकचा भांडायची आणि दमली की चहा टाकायची. तसा चहा मला पुन्हा कुठे मिळाला नाही. फार आठवण येते.

बाबा गेले आणि बिऱ्हाड अंगणात उभं राहिलं. आई त्यात झोपायला लागली. "घरातला पलंग फार मोठा झालाय," म्हणाली आणि उशी काखोटीला मारून गेली ती गेलीच. दादाने समजावलं, वहिनीने समजावलं, मी तर सरळ भांडले. पालथ्या घड्यावर पाणी!

अशात गाडीचा विमा संपला. आता तो आईच्या नावावर करायचा, तर कंपनीचा माणूस येऊन गाडी पाहणार होता. दादा म्हणाला, "हा सहलीच्या गाडीचा विमा आहे. आत माणूस राहतं असं दिसलं तर द्यायचे नाहीत. आणि विमा नसेल तर मी ही गाडी ठेवणार नाही, भंगारात घालणार. शेगडी, गॅस आणि आई, तिघं एका खोक्यात! मला डोळा लागत नाही." त्याचंही काही खोटं नव्हतं. पण गाडी गेली असती तर आईने हाय खाल्ली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग आम्ही भावंडं कधी नव्हे ती एक झालो. आईची उशी, गोळ्या, चष्मा, सपाता, सगळं उचलून घरात आणलं. आईला पढवलं, "विचारलं तर सांगायचं, इथे कुणी राहत नाही."

"सांगते की," आई म्हणाली. इतकी पटकन कबूल झाली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

विम्याचे साहेब आले. माणूस भला वाटला, व्हॅनमध्ये चढताना बूट काढू का म्हणून विचारत होता. त्यांनी चाकं पाहिली, शेगडीची नळी वाकवून पाहिली आणि बाकावर टेकत विचारलं, "काकू, यात कुणी राहतं का?"

"राहत नाही," आई म्हणाली. दादाने सुस्कारा सोडला. "झोपते फक्त. रोज. या दोघांनी सकाळी माझी उशी पळवली. तुमच्याशी खोटं बोलायला शिकवलंय, पण मला नाही बाई जमत."

दादाने कपाळावर हात मारला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेब हसले नाहीत. "काकू, गाडी फिरती असेल तर मी विमा देऊ शकतो. ती एका जागी उभी राहिली आणि आत माणूस झोपू लागलं, की घर झालं. घराचा विमा आम्ही देत नाही. तुम्ही हिच्यातून कुठे जाणार आहात का, तेवढं सांगा."

आईने खिडकीचा पडदा सारखा केला. मग अगदी हळू म्हणाली, "ह्यांच्याशिवाय कुठे जाऊ?"

बाबा गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. आता एका परक्या माणसासमोर रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरेना.

"मी नेते तुला," मी बोलून बसले.

"तू?" आईने नाक पुसलं. "तुला हिचा गिअर तरी पडतो का?"

"न पडायला काय झालं!" माझा पारा चढला.

साहेबांनी तेवढंच धरलं. "चालवणार कोण, ते मला लागतंच. फाटकापर्यंत नेऊन दाखवता?"

बॅटरी आदल्या दिवशीच नवी बसवली होती. मी तावातावाने पुढे जाऊन बसले, तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. बाबा ताडमाड उंच. सीट त्यांच्या पायांच्या मापाने मागे सारलेली, शेवटचे ते उतरले तेव्हा होती तशीच. मी खाली हात घालून खटका चाचपला आणि थांबले. आई दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. सीट एकदा पुढे आली की बाबा जिथे बसायचे ती जागा पुन्हा सापडणार नव्हती. ते तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

"राहू दे आई," मी म्हणाले. "नको जाऊया."

आई वाकली. माझा हात बाजूला करून तिने स्वतः खटका धरला. गंजला होता मेला, हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढला आणि खांदा लावून सीट माझ्यासकट पुढे रेटली.

"पोचले पाय?"

मी बाहीने डोळे पुसले. नुसती मान हलवली.

"मग रडतेस काय? समोर बघ."

ती वळसा घालून पलीकडे आली, तिच्या जागी बसली आणि दार आपटून लावलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "साहेब, जरा बाजूला व्हा. हिचा काही भरवसा नाही."