गुडघा दुखतो का?

आर्नी पेल्कोनेनला खोटं बोलता येत नाही. लोकांना हा गुण वाटतो. मी त्या माणसाच्या गुडघ्यावर दोन वर्षं काम केलंय आणि मी सांगते, फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मला त्याच्या ह्या गुणाचा गळा दाबावासा वाटला होता.

आमचा क्लब अबू धाबीच्या बाहेरच्या अंगाला, खलिफा सिटीतल्या माझ्या घरापासून जवळच. मी तिथली फिजिओ. आर्नी आमचा मिडफिल्डर, फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातला. लहानपणी गावच्या क्लबात खेळला, मग स्वीडन, मग बेल्जियम, मधे देशाच्या संघाकडून थोड्या मॅचेस, आणि पस्तिशीला टेकल्यावर आमच्याकडे. गोल मारणाऱ्यांचे फोटो लागतात. आर्नीचा फोटो आमच्या क्लबात एकाही भिंतीवर नाही. तो मैदानाच्या मधोमध धावायचा, समोरच्याकडून बॉल काढून घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा धावायचा. घरात राबणाऱ्या बाईसारखं त्याचं होतं. एक दिवस ती नसली की मग सगळ्यांना कळतं की रोज ती होती.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. गावच्या त्या जुन्या क्लबाने त्याला एप्रिलपासूनचा सीझन देऊ केला होता, कारण तिकडे फुटबॉल बर्फ वितळल्यावर सुरू होतं. जिथे पहिल्यांदा बूट घातले तिथेच शेवटचं एक वर्ष खेळायचं आणि मग बूट उतरवायचे. आमचा क्लब त्याला मार्चअखेर सोडणार होता. गावाकडची अट एवढीच होती की तो खेळायला फिट हवा.

आणि तिथेच वासुदेवदादा आडवे आले.

वासुदेवदादा आमच्या क्लबाचे ऑपरेशन्स हेड. पुण्याचे. मला ही नोकरी त्यांनीच लावली. दरवर्षी गणपतीत आमच्याकडे येऊन उकडीचे मोदक खातात, वर दोन बांधूनही नेतात. ह्या वर्षी टीम हरत होती आणि मालकांना नवा स्ट्रायकर पाहिजे होता. पण खेळाडू घ्यायची मुदत संपलेली आणि परदेशी खेळाडूंच्या जागा भरलेल्या. आर्नी नुसता सोडून गेला असता तरी त्याची जागा मुदत संपल्यावर भरता आली नसती. आमच्या लीगमध्ये एकच वाट उघडी होती. एखादा परदेशी खेळाडू दुखापतीने कामातून गेला असं लीगच्या डॉक्टरांनी ठरवलं, तरच बदली मिळते. मग वासुदेवदादांची नजर टीममधल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे गेली.

कँटीनमध्ये मी आणि आर्नी करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, पीत बसलो होतो. वासुदेवदादा आले, बरोबर क्लबाचे डॉक्टर. आर्नीच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाले, "हबीबी, गुडघा कसा आहे? दुखतो का?"

आर्नीने कप खाली ठेवला आणि विचार केला. खरंच विचार केला.

"हो," तो म्हणाला. "रोज सकाळी. जिना उतरताना."

"अरेरे. केव्हापासून?"

"बेल्जियमपासून."

"ओह, माय फ्रेंड," वासुदेवदादा म्हणाले आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. मी मूर्खासारखी हसत होते. मला वाटलं, मोठ्या माणसाने मायेने चौकशी केली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनीच मला सांगितलं की आर्नीची केस लीगच्या मेडिकल पॅनेलपुढे जाणार आहे. गुडघा कायमचा निकामी, खेळाडूने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हा शिक्का एकदा बसला की गावचा क्लब त्याला दारातसुद्धा उभा करणार नव्हता.

मी तशीच ट्रीटमेंट रूममध्ये गेले. आर्नी टेबलावर पाय पसरून बसला होता.

"तू त्यांना दुखतं असं का सांगितलंस?" मी ओरडले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण मी त्याच्यावर चिडते तेव्हा आतून मराठीतच चिडते.

"त्यांनी विचारलं."

"अरे, विचारायची पद्धत असते ती! आमच्याकडे मरायला टेकलेल्या माणसालाही 'कसं काय' विचारलं तर तो 'मजेत' म्हणतो. इथले अरब 'अलहम्दुलिल्ला' म्हणतात. आपला केरळी ड्रायव्हर पंक्चर चाकाशेजारी बसून 'फर्स्ट क्लास मॅडम' म्हणतो. तुला एकट्यालाच काय झालंय?"

"मग विचारतात कशाला?" आर्नी म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं बाबाने, आणि वर मलाच प्रश्न. मी म्हटलं, पॅनेलपुढे 'दुखत नाही' म्हणायचं, खलास. आत्ता सराव करू. मी विचारलं, "गुडघा दुखतो का?" त्याने तोंड उघडलं. कान लाल झाले. म्हणाला, "थोडा." मी पुन्हा विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आज कालच्यापेक्षा बरा आहे." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने हात जोडल्यासारखे केले. "गिरिजा, मला नाही जमत. दुखतो तो."

मिडफिल्डरचा गुडघा दुखणारच. तेवढं धावल्यावर खांबाचाही दुखेल. पण दुखणं वेगळं आणि संपणं वेगळं, एवढी साधी गोष्ट मी कोणाला आणि कशी समजावणार होते?

संध्याकाळी वासुदेवदादांचा फोन आला.

"गिरिजा, आपलं घरचं नातं आहे म्हणून सांगतो. पॅनेलसमोर तू असशील, कारण फिजिओला बोलावतात. तू काही बोलायचं नाहीस. त्याचं तोच बोलेल, आपल्याला काही करायचंच नाही. प्रॅक्टिकल हो. जूनमध्ये तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे ना? इन्शाल्ला होऊन जाईल."

मी फोन आपटला. चारुदत्त, माझा नवरा, लॅपटॉपवरून बघत होता. त्याने गेल्या वर्षी नोकरी सोडून दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली होती. ती अजून रांगत होती. घराचं भाडं, आमच्या मुलीची, दियाची शाळा, सगळं माझ्या पगारावर, आणि त्या दोघांचे व्हिसाही माझ्याच नोकरीवर.

"तू बरोबर आहेस," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"यार, तो फिनलंडचा माणूस. तो जाईल त्याच्या घरी. आपल्याला इथे राहायचंय."

"म्हणून मूग गिळून बसू? माझ्या पेशंटला माझ्या डोळ्यांदेखत लंगडा ठरवतील आणि मी बघत बसू?"

"ममा, यू आर शाउटिंग," दिया आतून म्हणाली.

"येस, आय ॲम!" मी ओरडले. आणि मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला. मोदक बांधून नेणाऱ्यांचा, 'पण'वर थांबणाऱ्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या शहाण्याचा, ज्याला आपलं स्वतःचं करिअर वाचवण्यापुरतं एक 'नाही' तोंडातून काढता येत नव्हतं.

पॅनेल दुबईत होतं. मुख्य डॉक्टर एमान नावाच्या इजिप्शियन बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. वासुदेवदादा चेहऱ्यावर सुतक घेऊन बसले होते.

"दुखतो का?" डॉक्टर एमाननी विचारलं.

मी मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"हो," आर्नी म्हणाला.

"रोज?"

"रोज."

वासुदेवदादांनी दुःखाने मान हलवली. डॉक्टर एमाननी मला विचारलं, फिजिओला काही सांगायचंय का. वासुदेवदादा माझ्याकडे बघून किंचित हसले, जूनमधलं हसू. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं आणि फिरता फिरता जागेवर आलं. ह्या माणसाला आम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतो. दुसरा कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

"मला ह्यालाच विचारायचंय," मी म्हटलं. "आर्नी, ह्या गुडघ्यामुळे तू इथे एखादी मॅच सोडलीस?"

"नाही."

"एखादं ट्रेनिंग?"

त्याने विचार केला. "एकदा सोडलं. पण ते पोट होतं. मासा खाल्ला होता."

"उद्या पूर्ण मॅच खेळशील?"

"हो," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे जोडलं, "नंतर दुखेल."

"ऐकलंत?" मी उभी राहिले होते. आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणूनच तर ह्याला कँटीनमध्ये गाठलं. त्याचं पहिलं 'हो' खरं धरता ना? मग हे 'हो'ही धरा. आमच्या ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाचं काहीतरी दुखतं. बाकीचे सांगत नाहीत एवढंच! दुखतं म्हणजे संपला असं असेल तर शनिवारी मॅचला वासुदेवदादांनाच चड्डी घालून उतरावं लागेल."

डॉक्टर एमान आर्नीला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. त्याला बसवलं, उठवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. भिंतीपलीकडून धपधप ऐकू येत होतं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुखतंय. आणि फिट आहे."

पार्किंगमध्ये वासुदेवदादांनी मला गाठलं. "तुला नोकरी मी लावली होती, गिरिजा."

"नोकरी लावलीत, दादा. जीभ विकत नाही घेतलीत."

मार्चअखेर मला कळवण्यात आलं की रिस्ट्रक्चरिंगमध्ये माझी जागा राहणार नाही. चारुदत्त पुन्हा म्हणाला, तू बरोबर आहेस. ह्या वेळी 'पण' म्हणाला नाही, नुसता लॅपटॉप बंद करून बसला. ते जास्त लागलं.

आर्नी निघायच्या दिवशी ट्रीटमेंट रूममध्ये आला. मी बँडेजं खोक्यात भरत होते. गावच्या क्लबाने त्याला घेतलं होतं, पहिली मॅच तीन आठवड्यांवर होती. त्याने आभार मानले, चार शब्दांत. मग विचारलं, "तू कशी आहेस?"

"मजेत. ऑल गुड," मी म्हटलं, आणि टेप खोक्यात टाकली.

तो हलला नाही. मी वर बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून उभा होता, सरावाच्या वेळी खिडकीबाहेर बघत होता तसाच अवघडलेला. त्याने प्रश्न विचारला होता आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "नाहीये मी मजेत. माझी नोकरी गेलीये. व्हिसाचं काय करायचं माहीत नाही. पोरीला शाळेबद्दल अजून सांगितलेलं नाही. आणि मला इतका राग आलाय की हे खोकं उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटतंय."

त्याला विमानतळावर न्यायला आलेली गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती. आर्नीने बॅग खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.