घरच्या चादरी

लाँड्रीत सगळ्या तिला धाकटी म्हणत. लग्न झालं, लेक झाली, तरी ती धाकटीच राहिली, कारण तिच्यानंतर त्या वाफेत कामाला यायची कुणाची हिंमत झाली नव्हती. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवून, इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून काढून, घड्या घालून परत पाठवायच्या. रुळाच्या एका तोंडाशी दोघी ओली चादर आत सारायच्या, दुसऱ्या तोंडाशी दोघी ओढून घ्यायच्या. दिवसभर हेच.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा नवरा-बायकोने सगळं ठरवून ठेवलं होतं. नवरा पहाटे पावाची गाडी घेऊन जायचा, तो घरात पाऊल टाकायचा आणि ही बाहेर पडायची. दिवसभर लेक बापाकडे, दुधाची बाटली तयार. फक्त एक राहून गेलं होतं, लेकीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला बाटली साफ नामंजूर होती. बाटली दिसली की ती ओठ घट्ट मिटायची आणि मान भिंतीकडे. बापाने चमचा करून पाहिला, गाणी म्हटली, बायकोचा गाऊन अंगावर चढवून आरशात स्वतःचीच लाज काढून घेतली. काही उपयोग झाला नाही. दिवसभर पोरगी उपाशी आणि संध्याकाळी आई आली की हावऱ्यासारखी तुटून पडायची.

इकडे लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीची शिट्टी झाली की धाकटीला पान्हा फुटायचा. शिट्टीचं आणि पान्ह्याचं काय नातं जुळलं होतं कोण जाणे. कपडे दोन्हीकडून भिजायचे. सगळ्याजणी वाफेने चिंबच असायच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं नाही, एवढंच.

मग दवाखान्यात लेकीचं वजन घटलेलं निघालं. नर्सने आकडा कार्डावर लिहिला आणि त्याखाली लाल रेघ ओढली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं. घरी येताना नवरा म्हणाला, "उद्यापासून मी हिला तुझ्याकडे घेऊन येतो. जेवायच्या सुट्टीत पाज. नोकरी सोडायची नाही आणि पोरगी उपाशी ठेवायची नाही. बघू कोण काय करतं ते."

करणारा होता. सुपरवायझरच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली, म्हणून बायका त्याला पाठीमागे शिट्टीमास्तर म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. तो वाईट होता की नव्हता देव जाणे, पण कुणी काही मागितलं की आधी नाही म्हणायचं, एवढं त्याला छान जमायचं.

"पाजायचंय ना? बाथरूम आहे की," तो म्हणाला.

धाकटी गेली. तिथे ब्लीचचे ड्रम ठेवलेले. लेक शिंकून शिंकून लाल झाली आणि तोंड न लावताच रडायला लागली. धाकटी तशीच तिला घेऊन बाहेर आली. "साहेब, तुम्ही तुमचा डबा तिथे बसून खाल का?"

"तोंड सांभाळून बोल."

आणि मावशी, रुळावर धाकटीच्या जोडीला उभी राहणारी, सगळ्यांत जुनी बाई, घड्या घालता घालता म्हणाली, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? असले लाड नव्हते कुणाचे." साहेबाच्या बोलण्याने धाकटीला राग आला होता. मावशीच्या बोलण्याने डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांनी ट्रॉल्यांच्या कोपऱ्यात दोरी बांधली आणि त्यावर एक कोरडी चादर टाकली. पडद्याआड पोरगी अशी गटागटा प्यायली की बाहेर आवाज ऐकू येत होता. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. तेवढ्यात शिट्टीमास्तर आला आणि त्याने चादर खसकन ओढली. धाकटीने कसाबसा पदर सावरला.

"ही गिऱ्हाइकाची चादर आहे. हॉस्पिटलचा माल! पडदे लावायला नाही."

एवढं मात्र त्याचं खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

त्यानंतरच्या सकाळी प्रत्येकीच्या हातात एक जास्तीची पिशवी होती. सुट्टी झाली आणि पिशव्यांतून घरच्या चादरी निघून दोरीवर चढल्या. फुलाफुलांची, ठिगळाची, विटून कुठला रंग होता ते न कळणारी, एकीवर तर पिवळी बदकं. मावशीने काही आणलं नव्हतं. ती आपल्या जागी डबा उघडून बसली. नवरा लेकीला देऊन दाराशी उभा राहिला आणि धाकटी पडद्याआड गेली.

शिट्टीमास्तरने चादरी पाहिल्या. त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. मग त्याची नजर वर गेली. "दोरी कंपनीची आहे," म्हणाला आणि दोरी सोडली.

"बरं," एक बाई म्हणाली. तिने चादरीचं टोक हातात धरलं, दुसरं टोक शेजारणीने धरलं, तिच्यापुढची चादर तिसरीने. डबे तसेच झाकलेले राहिले. धाकटीभोवती बायकांचं कडं झालं, फक्त एका बाजूला चादर भिंतीपर्यंत पोचत नव्हती. धरायला एक हात कमी पडत होता. नेमक्या त्याच फटीसमोर शिट्टीमास्तर उभा. धाकटीने लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि पाठ फिरवली.

मावशीने डबा बंद केला. हात पुसले. उठून आली, लोंबणारं टोक उचललं आणि फटीत उभी राहिली.

"मावशी, तुम्ही तरी यांना समजवा!" शिट्टीमास्तर म्हणाला.

"काय समजवू?" मावशी म्हणाली. "ती मोरी दिसते ना तुला? माझ्या थोरल्याच्या वेळी रोज त्या मोरीत दूध पिळून टाकायचे मी. पोरगं घरी पाण्यात कालवलेलं पीठ खायचं आणि माझं दूध साबणाच्या पाण्याबरोबर वाहून जायचं. तेव्हा कुणी चादर धरली नाही. मला वाटायचं, असंच असतं." मग मान न वळवता ती म्हणाली, "धाकटे, परवा लाडाचं बोलले ना तुला, तो जळफळाट होता माझा. मनावर घेऊ नकोस."

शिट्टीमास्तरने कर्कश शिट्टी वाजवली. "सुट्टी संपली! धाकटे, उद्यापासून कामावर यायचं नाही!"

घर दोघांच्या पगारावर चाललं होतं. पण लेकीने शिट्टी ऐकून क्षणभर डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि पुन्हा ओढायला लागली, जणू शिट्ट्या काय वाजतच असतात. ते पाहून धाकटीची भीती कुठल्या कुठे पळाली.

"मी येणार," ती चादरीआडून म्हणाली. "आणि हीसुद्धा रोज येणार. घड्याळ बघा साहेब, सुट्टी संपलेली नाही."

"तिला काढलंस तर मलाही काढ," मावशी म्हणाली.

"मलाही," बदकांची चादर धरलेली म्हणाली. मग बाकीच्या. कुणी ओरडलं नाही, कामाची हजेरी लावावी तशा आवाजात एकेक बोलली.

शिट्टीमास्तरने मागे पाहिलं. हॉस्पिटलच्या ओल्या चादरींच्या ट्रॉल्या दारापर्यंत रांगेत होत्या, आणि संध्याकाळी हॉस्पिटलची गाडी यायची होती. एकट्याने चादर रुळात घालता येत नाही, त्याला माहीत होतं. त्याने शिट्टी हातातून सोडली.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"तिचं पोट भरेपर्यंत," मावशी म्हणाली.

चादरीआड धाकटीने लेकीला उचललं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं.